टेंगूळ

मुलगी वाकली, स्वतःच्या दोन पायांमधून तिनं भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं आणि ती ओरडली, "बाई, टेंगूळ आत गेलं!"

दालनात चाळीस मुलं होती आणि त्यांच्या शिक्षिकेला ती चाळीसच्या चाळीस परत न्यायची होती, त्यामुळे त्या वाक्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. "सरळ उभी राहा आधी. हे काय माकडासारखं?" असं म्हणत शिक्षिकेनं तिला दंडाला धरून उभं केलं, रांगेत घातलं, आणि रांग कलकलाट करत शेजारच्या दालनात शिरली. पण मंगळाच्या मॉडेलच्या पलीकडे जमिनीवर मांडी घालून बसलेल्या काकूंनी ते वाक्य ऐकलं होतं. त्यांच्या एका हातात बारीक कुंचला होता, दुसऱ्या हातात तांबूस रंगाची वाटी. कुंचला हवेतच राहिला. त्याच्या टोकाशी रंगाचा थेंब फुगला, सुटला आणि त्यांच्या पावलावर पडला. काकूंनी तो पुसला नाही. त्या भिंतीवरच्या चित्राकडे बघायचं टाळत होत्या, आणि आपण ते टाळतो आहोत हे त्यांना इतकं स्पष्ट कळत होतं की मान आखडली.

संग्रहालयात सगळेच त्यांना काकू म्हणत. त्यांचे यजमान साचेवाले. प्लॅस्टरचे डोंगर, दऱ्या, ज्वालामुखी घडवण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. ते घडवत आणि काकू रंगवत. दालनाच्या मधोमध ठेवलेलं हे मॉडेल म्हणजे मंगळावरचं एक प्रचंड विवर. खऱ्या विवराची रुंदी दीडशे किलोमीटर, मॉडेलची तीन मीटर. कधीकाळी आकाशातून एक धोंडा आला आणि आपटला, त्याची ही खूण. मुलांना नेहमी एकच प्रश्न पडतो: आपटून खड्डा झाला हे ठीक, पण खड्ड्याच्या मधोमध हा डोंगर कुठून आला? काकू सांगत, घरी गेल्यावर पातेलंभर पाण्यात वरून एक थेंब सोडा आणि नीट बघा. पाणी आधी खाली दबतं आणि मग मधोमध उसळून वर येतं. धक्का फार मोठा असेल तर जमीनसुद्धा तशीच वागते, उसळते, आणि पाणी खाली बसतं तशी ती बसत नाही, तिथेच थिजते. हे सांगताना काकूंच्या आवाजाला एक गोडी यायची. मुलं मधल्या डोंगरावरून हात फिरवायची, कडेच्या भिंतींवरून बोटं चालवत न्यायची, आणि शेवटी सगळ्यांचे हात एका ठिकाणी येऊन थांबायचे. उजव्या बाजूला, खाली, विवराच्या सपाट तळावर एक इवलीशी टेकडी होती, अर्ध्या लिंबाएवढी. तळहातात नेमकी बसणारी. एकदा एका चुणचुणीत मुलानं विचारलं होतं, "दगड आपटला की जमिनीला खड्डा पडतो, मग माझं डोकं आपटलं की टेंगूळ का येतं?" कोणालाच उत्तर देता आलं नव्हतं, पण त्या दिवसापासून टेकडीचं नाव टेंगूळ पडलं. एवढे हात तिच्यावरून फिरले की दरवर्षी माथ्यावरचा रंग झिजून पांढरं प्लॅस्टर उघडं पडायचं, आणि दरवर्षी काकू तो रंग पुन्हा लावायच्या. डाव्या उतारावर उजळ, उजव्या उतारावर गडद. आज एकोणिसाव्यांदा.

"काकू, आटोपलं का?" दारातून संचालिका आत आली. काकूंच्या मुलीच्या वयाची होती ती, चालताना बोलायची आणि बोलताना घड्याळ बघायची. "मशीनवाले बरोबर चारला येतायत. वरून सगळा आकार मोजून घेतील, मग बारा प्रती. बारा शाळा, काकू! दृष्टिहीन मुलांच्या एवढ्या शाळांत एकदम मंगळ जाणार. काकांना माझं पत्र मिळालं ना?"

"मिळालं."

"काय म्हणाले?"

"चार वेळा वाचून घेतलं माझ्याकडून."

संचालिका हसली. "प्रत्येक प्रतीवर त्यांचं नाव असेल, ब्रेलमध्ये. मुलं बोटांनी वाचतील." तिनं वाकून टेंगळावर हलकेच टिचकी मारली. "आणि हे तर सगळ्यांच्या आवडीचं. रंग ओला नाहीये ना?" ती आली तशी निघून गेली. काकूंना तिला थांबवायचं होतं. घशाशी शब्द आलेसुद्धा. पण असे घशाशी येऊन माघारी जाणारे शब्द काकूंना चांगले ओळखीचे होते, त्यांची जायची वाट मळलेली होती.

मग त्यांनी चित्राकडे पाहिलं. मॉडेलएवढंच मोठं, भिंतभर लावलेलं ते छायाचित्र म्हणजे यानानं वरून टिपलेल्या अनेक पट्ट्या शेजारीशेजारी जोडून केलेली गोधडी होती. जवळजवळ सगळ्या पट्ट्या मंगळावरच्या दुपारी टिपलेल्या, ऊन डाव्या वरच्या कोपऱ्यातून आलेलं. एकच पट्टी सकाळची, तिच्यात ऊन उजव्या खालच्या अंगानं आलेलं. ती पट्टी बाकी सगळी सपाट, म्हणून हे सहज कोणाच्या ध्यानात येत नसे. तिच्यात एकच गोष्ट होती. डावीकडे उजळ, उजवीकडे काळोखी, गोल. ऊन डावीकडून आहे असं धरून पाहिलं तर ती टेकडी. पण ऊन उजवीकडून असेल तर उजवा काठ स्वतःची सावली आत पाडणार आणि डावी भिंत उजळणार. म्हणजे खड्डा. मोठ्या विवराच्या तळावर नंतर कधीतरी दुसरा एक लहान धोंडा आपटून झालेला साधा, गोल खड्डा. डोळ्यांचा स्वभावच असा आहे की प्रकाश वरून येतो असं ते गृहीत धरतात, कोणाला विचारत नाहीत. म्हणून त्या पोरीनं डोकं खाली केल्याबरोबर अख्खं विवर तिला पालथं दिसलं आणि टेंगूळ तेवढं आत गेलं. तिनं जे दोन क्षणांत पाहिलं ते काकूंनी एकोणीस वर्षांपूर्वीच पाहिलं होतं.

तेव्हा कार्यशाळेतल्या लांब टेबलावर ते चित्र पसरलेलं होतं. साचेवाले ओलं प्लॅस्टर हातात घेऊन शीळ घालत होते, एक सुतार मॉडेलची चौकट ठोकत होता. काकू रंगाच्या छटा ठरवायला टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेल्या होत्या, इतकंच. पलीकडून चित्र उलटं दिसलं. त्या अलीकडे आल्या, टेकडी. पलीकडे गेल्या, खड्डा. पट्टीच्या कडेला बारीक अक्षरांत वेळ लिहिलेली होती ती त्यांनी भिंग लावून वाचली. मग म्हणाल्या, "अहो, हा खड्डा आहे बहुतेक." साचेवाल्यांची बोटं तेव्हा नेमकी त्या टेकडीला गोलाई देत होती. मान वर न करता ते म्हणाले, "तू रंग बघ." सुतार हसला. आणि काकूही हसल्या. नवऱ्याचा शब्द नव्हे, सुताराचं हसणंही नव्हे, आपलं ते हसणं काकूंच्या मनात खड्यासारखं राहिलं होतं. त्यानंतर तीन दिवस त्यांनी टेंगूळ रंगवलं. हात तयारीचा होता. जितकं चांगलं रंगवावं तितकी ती टेकडी जास्त टेकडी होत गेली. पितळी पाटीवर साचेवाल्यांचं नाव आलं. रंगवणाऱ्याचं नाव पाटीवर घालत नाहीत.

सव्वाबाराला त्या जेवण वाढायला घरी निघाल्या. घर दहा मिनिटांवर. रस्त्याच्या कडेला पदपथ खणलेला होता, खणलेल्या मातीचा ढीग शेजारी, आणि काकू त्या ढिगापाशी विनाकारण थांबल्या. ऊन डोक्यावर होतं, सावल्या नव्हत्याच. पुढं जाताना त्यांना आपल्या मुलीचा कान आठवला. हे आठवायला नको होतं. मुलगी सहा वर्षांची असताना कान धरून रडायची. साचेवाले म्हणाले, दात येतायत, जाईल. हे दाताचं नाही असं काकूंना पहिल्या संध्याकाळपासून वाटत होतं. वाटत होतं म्हणजे ठाऊक होतं. त्या एकदा म्हणाल्या, मग दुसऱ्यांदा म्हणाल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी उशीवर डाग दिसला तेव्हा डॉक्टरकडे नेलं. मुलगी आता दूरच्या गावी असते, दोन पोरांची आई आहे, आणि अजूनही डाव्या बाजूनं बोललं की "काय?" म्हणून अख्खी वळते. त्याबद्दल घरात कोणी कोणाला कधी दोष दिला नाही. तेच जास्त अवघड होतं.

साचेवाले खिडकीपाशी खुर्चीत होते. दोन वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात निकामी झाला, तेव्हापासून तो हात ते दुसऱ्याची वस्तू सांभाळावी तसे मांडीवर ठेवून बसत. पत्र समोरच्या स्टुलावर होतं. काकू ताट घेऊन आल्या तेव्हा त्यांनी आधी पायाकडे पाहिलं.

"रंग सांडलास."

"हं."

"टेंगळाचा तो. माथ्यावरचा. जास्त पातळ केलायस." नजर अजून तशीच होती, सुरीसारखी. "ते मशीन रंग बघत नाही म्हणे. आकार बघतं फक्त."

"हो. आकारच." काकूंनी ताट स्टुलावर ठेवलं, पत्र उचलून बाजूला केलं. "तेच बोलायचंय. ते टेंगूळ नाहीये. खड्डा आहे तो."

काकूंनी पट्टीचं सांगितलं, सकाळच्या उन्हाचं सांगितलं, आज आलेल्या पोरीचं सांगितलं. सांगताना त्या खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवत राहिल्या.

"एकोणीस वर्षांनी सुचलं होय हे?" ते अखेर म्हणाले.

"तेव्हाच दिसलं होतं."

"मग तोंडाला काय कुलूप होतं?"

"बोलले होते मी. सुतार होता बघा तेव्हा. तुम्ही म्हणालात, तू रंग बघ."

"मी?" त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हतं. शोधून पाहिलं तरी सापडत नाहीये असा चेहरा. काकूंना कळलं: एवढी वर्षं आपण जे जपून ठेवलं ते या माणसाकडे कधी नव्हतंच. "म्हणालो असेन. कामात असलो की माणूस म्हणतो. परत बोलायचं होतंस. हळू बोलली असशील, तुझं नेहमीचं आहे ते, स्वतःशीच बोलल्यासारखं. आणि नंतर? दरवर्षी रंग लावताना?"

दरवर्षीचं काकूंनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

"चारला मशीन लावतील," त्या म्हणाल्या. "सांगू का तिला?" आणि म्हणता म्हणता त्यांच्या लक्षात आलं की आपण परवानगी मागतोय.

"मला काय विचारतेस? नाव माझं आहे पाटीवर, तुझं काय जातंय? सांग, पेपरात छापून आण. साचेवाल्याला खड्डा आणि टेकडी कळत नाही म्हणावं. आता तर हातही नाही दुरुस्त करायला." त्यांचा डावा हात पत्राकडे गेला, पण पत्र काकूंनी बाजूला ठेवलं होतं; हात स्टुलाच्या कडेवर नुसताच चाचपडला. ते काकूंना बघवलं नाही. "एवढुसा खड्डा. मंगळावर कोण जाऊन बघणार आहे? राहू दे की. मी असेपर्यंत तरी राहू दे."

हे ते हळू बोलले. रागावून बोलले असते तर सोपं झालं असतं.

"डोळस पोर वाकून तरी बघू शकतं," काकू म्हणाल्या. "त्या मुलांना बोटांशिवाय दुसरं काही नाही हो. आपण जे देऊ तेच त्यांचं."

"जा तू," ते म्हणाले आणि तोंड खिडकीकडे केलं. ताटाला त्यांनी हात लावला नाही.

परत येताना काकूंनी ठरवलं की सांगायचं. मग कोपऱ्यावर ठरवलं की नाही सांगायचं. त्या माणसाजवळ आता उरलंय काय? एक हात, एक पत्र. बारा शाळांमध्ये बारा टेकड्या जास्त झाल्या तर कोणाचं काय अडणार होतं? एखादी मुलगी तळहात ठेवील, म्हणेल, इथे टेकडी आहे, आणि आयुष्यभर तिच्या मंगळावर तिथे टेकडी राहील. काकूंना अचानक आपल्याच तळहाताखाली तो गुळगुळीत उंचवटा जाणवला, थंडगार. त्या लहानपणी अंधाराला भीत, तेव्हा कोणी कोणत्या वस्तूवर हात ठेवून "हे दार आहे" म्हणालं की त्यांना केवढा धीर यायचा. ते दारच असायचं. तसं नसतं तर? एका वाहनाचा भोंगा वाजला. त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या.

चारला पाच कमी असताना दालनात तिवई उभी राहिली होती. मशीनवाला गोल चेहऱ्याचा, हसतमुख माणूस. "आता कोणी हलू नका. आणि कोणाला शिंकायचं असेल तर आत्ताच शिंकून घ्या," असं म्हणून त्यानं स्वतःच नाक पुसलं. संचालिका हाताची घडी घालून उभी. काकू तिच्यामागे.

"बाई, जरा..." काकू म्हणाल्या.

मशीनची घरघर सुरू झाली होती. संचालिकेनं ऐकलं नाही. मॉडेलच्या डाव्या काठावर एक लाल रेघ उमटली आणि सरकू लागली. ती भिंतीवरून उतरली, तळावर आली, मधल्या डोंगरावर चढू लागली. आपण बोललो होतो, हे आता आणखी एकदा म्हणता येईल, असं काकूंना वाटलं. घरी जाऊन म्हणता येईल, बोलले होते मी, मशीनचा आवाज होता. रेघ डोंगराच्या माथ्यावर चढली आणि पलीकडे घसरली. काकू पुढे झाल्या, कठड्यावर ओणवल्या आणि टेंगळावर पालथा पंजा ठेवला. लाल रेघ त्यांच्या मनगटावर चढली.

"अहो आजी, हात! हात काढा!"

"नाही काढणार."

"काकू? काय झालं?"

"हे चूक आहे!" काकू म्हणाल्या. दालनाचं छत उंच होतं. त्यांचा आवाज वर गेला, आपटला आणि परत आला, आणि एवढा मोठा आवाज आपला आहे याचं त्यांना नवल वाटलं. "ही टेकडी नाही, खड्डा आहे. आम्ही उलटं केलंय. हे पोरांच्या हातात देऊ नका."

मशीन थांबलं. संचालिका चित्रापाशी गेली, बराच वेळ बघत राहिली. "मला तर टेकडीच दिसतेय."

"दिसणारच. पाठ करा त्याच्याकडे आणि पायांतून बघा."

"काय?"

"बघा तर."

संचालिकेनं मशीनवाल्याकडे पाहिलं, तो शहाण्यासारखा दुसरीकडे बघू लागला. तिनं ओढणी खांद्याशी गाठ मारून वर घेतली आणि वाकली. तिचा चेहरा लाल झाला, केस फरशीला लागले. मग फरशीजवळून आवाज आला, "अगं बाई."

सरळ उभी राहिली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. तिनं खिशातून फोन काढून काही शोधलं, यानांनी नंतर मोजलेल्या उंचीचे आकडे असतात ते. कोणीतरी केव्हाच ताडून बघायला हवे होते. "हो," ती म्हणाली. "आसपासच्या तळापेक्षा उणे आहे. काकू, मला हे लिहून कळवावं लागेल वर. कोणाची चूक म्हणून लिहू?"

"आकार त्यांचा, रंग माझा. दोघांची लिहा."

"मी सहापर्यंत थांबू शकतो," मशीनवाला म्हणाला. "नंतर मग थेट पुढच्या महिन्यात."

काकूंनी कार्यशाळेतून छिन्नी, हातोडी, पोलादी मोजपट्टी आणि धूळ झाडायचा ब्रश आणला. छिन्नी टेंगळावर टेकवली आणि थांबल्या. फोडायचं ठीक, पण मग खाली किती जायचं? संचालिकेच्या फोनवर उणे होतं, पण ते आकडे ढोबळ, एवढ्याशा खड्ड्याचा नेमका आकडा नव्हता. उगाच उकरलेला खड्डाही चुकीचाच. सावलीची लांबी आणि उन्हाचा कोन यांवरून खोली काढायची असते, मग मॉडेलच्या पटीत बसवायची असते. ती रीत एकाच माणसाला येत होती.

काकूंनी घरी फोन लावला. घंटा खूप वेळ वाजली. थांबली. काकूंनी पुन्हा लावला. यावेळी उचलला गेला. श्वास तेवढा ऐकू येत होता.

"सांगितलं मी," काकू म्हणाल्या. श्वास तसाच. "छिन्नी घेऊन उभी आहे. किती खोल घेऊ ते मला कळत नाहीये. तुम्ही सांगितलंत तर घेते."

मशीनवाल्यानं घड्याळ पाहिलं. संचालिकेनं त्याला खुणेनं गप्प केलं, तो गप्पच होता तरी. फोन ठेवला गेला असं काकूंना वाटलं. मग खुर्ची सरकली. खण ओढल्याचा आवाज, कागद. डाव्या हातात पेन्सिल धरायला त्यांना वेळ लागायचा, तो वेळ गेला.

"सावली कुठल्या बाजूला आहे?" साचेवाल्यांनी विचारलं.

"उजवीकडे. खाली."

"आणि ऊन?"

"उजवीकडूनच."

पलीकडे पेन्सिल कागदावर टेकली असावी. "वेळ काय लिहिलीय पट्टीवर? अंदाजे नको सांगूस, वाच."

काकूंनी फोन खांद्यात धरला, चष्मा सारखा केला आणि भिंतीशी जाऊन बारीक अक्षरं वाचली, एकेक आकडा सुटा करून. मग पोलादी मोजपट्टी चित्रातल्या सावलीवर ठेवली.

"लांबी?"

"चौदा मिलिमीटर."

"पुन्हा मोज," ते म्हणाले.

काकूंनी पट्टी उचलली आणि पुन्हा ठेवली.